तीन मिलिमीटर जास्त

"तीन मिलिमीटर! असा कोण शहाणा आहे, ज्याला जगापेक्षा तीन मिलिमीटर जास्त लागतात?"

चिमटीने हे टेबलाखालून ऐकलं. ती तिथे ओणवी होऊन निसटलेला स्क्रू शोधत होती. टेबलावरची चादर जमिनीपर्यंत लोंबत होती, आणि बोलणाऱ्याचे बूट तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर होते. चांगले होडीएवढे बूट. एकाच्या नाडीत लाकडाचा भुसा अडकलेला.

"आणि वर पंधरा व्होल्ट," बुटांचा मालक स्वतःशीच कुरकुरत होता. "उंची वेगळी, वीज वेगळी, भोकं वेगळी. आवाज इतका गोड, पण बसायचं म्हणाल तर कुणाच्याच पेटीत बसायचं नाही. काय म्हणावं याला!"

स्क्रू नेमका त्याच्या डाव्या टाचेशी पडला होता. चिमटीने हात लांब करून तो उचलला, चादर सारली आणि उभी राहिली.

"ते शहाणे माझे बाबा आहेत," ती म्हणाली.

समोरच्या माणसाने आधी समोर पाहिलं, तिथे कुणी नव्हतं. मग खाली पाहिलं. एवढा उंच होता तो. हातात बाबांनी बनवलेलं मॉड्यूल, आणि कान बघता बघता लाल झालेले.

"तुम्ही... कधीपासून होता खाली?"

"'शहाणा'च्या आधीपासून."

"म्हणजे सगळंच ऐकलंत."

"'आवाज गोड' हेसुद्धा ऐकलं. म्हणून सुखरूप आहात. नाहीतर तुमच्या बुटाची नाडी टेबलाच्या पायाला बांधून मग बाहेर येणार होते."

तो हसला. हसताना त्याने मान जराशी वाकवली. आयुष्यभर दारांच्या चौकटींना भिऊन राहिलेल्या माणसाची सवय असावी ती. चिमटीला उगीचच वाटलं, या माणसाला कपाळावर हमखास एखादी जुनी खोक असणार. होती. डाव्या भुवईच्या वर.

रविवारची सकाळ होती. सभागृहात वाद्यं बनवणाऱ्यांचा मेळावा भरला होता, पण ही वाद्यं जरा निराळी. यातलं अख्खं वाद्य कुणी एकटा बनवत नाही. सगळा कारभार तुकड्या-तुकड्यांचा. एक मॉड्यूल सूर काढतं, दुसरं तो गाळतं, तिसरं त्याला चढ-उतार देतं. प्रत्येकाला पुढून अ‍ॅल्युमिनियमचं पॅनेल, त्यावर फिरवायची बटणं आणि तारा खोचायची भोकं. वाजवणाऱ्याने आपल्या आवडीची मॉड्यूल्स निवडायची, पेटीत शेजारी-शेजारी स्क्रूने बसवायची आणि तारांनी जोडून त्यांना बोलतं करायचं. हे जमतं ते एकाच गोष्टीमुळे: सगळ्यांनी एक माप मानलंय. पॅनेलची उंची एकशे साडेअठ्ठावीस मिलिमीटर. वीज अधिक बारा आणि उणे बारा व्होल्ट. एवढं पाळलं की झालं. मग ओळख ना पाळख अशा दोन माणसांनी दोन गावांत बसून केलेले तुकडे पेटीत असे शेजारी बसतात, जणू एका आईची लेकरं.

बसत नाहीत ते फक्त चिमटीच्या घरचे. तिच्या घरी उंची एकशे साडेएकतीस. वीज पंधरा.

"पण का?" त्याने विचारलं. आता त्याच्या आवाजात कुरकुर नव्हती. खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बोटांना जागा हवी," चिमटी शाळेतली कविता म्हणावी तसं म्हणाली. "वाजवणाऱ्याच्या बोटांना मोकळं वाटलं पाहिजे. दीड मिलिमीटर वर, दीड खाली. असं बाबांचं म्हणणं आहे."

"दीड मिलिमीटरमध्ये कुठलं बोट मोकळं होतं?"

"तुमची बोटं बघता, कुठलंच नाही."

त्याने आपले हात पाहिले आणि खिशात घातले. मग पुन्हा काढले, कारण टेबलाच्या मागच्या कडेला, बाबांच्या मॉड्यूल्सच्या रांगेआड, त्याला अजून एक मॉड्यूल दिसलं होतं. नाव नसलेलं, रंग न दिलेलं.

"आणि हे?"

"ते... ते विकायचं नाही. ते माझं आहे."

"विकत नाही घेत. ऐकू तर द्याल?"

चिमटीने त्याला हेडफोन दिला आणि तारा जोडल्या. जोडताना तिची बोटं जरा जास्तच वेळ घेत होती. मग तिने एक बटण हलकेच फिरवलं.

सूर सुरू झाला, सरळ, स्वच्छ. आणि संपता संपता किंचित खाली कलला. थकून नव्हे. दिवसभराचं काम आटोपून माणूस खुर्चीत टेकतो आणि छातीतून जे निघतं, तसा. प्रत्येक वेळी थोडा वेगळा.

त्याने डोळे मिटले. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. मग हेडफोन काढून तो दोन्ही हातांत धरून उभा राहिला, पाखरू धरावं तसा.

"याला काय म्हणता?"

"उसासा."

"मी पेट्या बनवतो," तो म्हणाला. कामाचं बोलायचं ठरवलेल्या माणसासारखा घाईघाईने. "लाकडाच्या. आत रूळ, मागे वीज. सध्या एका वादक बाईंची करतोय, चौऱ्याऐंशी एचपीची. एचपी म्हणजे—"

"रुंदीचं माप. एक एचपी म्हणजे पाच पूर्णांक शून्य आठ मिलिमीटर. माझे बाबा पाळत नसले तरी मला वाचता येतं."

"हो... तर सत्तर भरलेत, चौदाची जागा उरलीय. तीस तारखेला बाई पेटी घेऊन दौऱ्यावर निघतील. म्हणाल्या, ती जागा तुझ्या कानाला पटेल त्याला दे. तीन महिने झाले, काहीच पटेना." तो थांबला. "आज पटलं."

"हे एकशे साडेएकतीसचं आहे."

"एकशे साडेअठ्ठावीसचं करा."

किती साधं वाक्य. तिच्या घरात तीस वर्षांत ते कुणी उच्चारलं नव्हतं.

*

चिमटीच्या घरी पुढची खोली म्हणजेच वर्कशॉप. सोल्डरिंगच्या धुराचा राळेसारखा वास पडद्यांत मुरलेला, गाद्यांत मुरलेला. आई म्हणायची, माझ्या लग्नातल्या साडीलासुद्धा येतो. चिमटीचं हे नावही तिथलंच. पाच वर्षांची असताना ती बाबांच्या शेजारी उंच स्टुलावर बसून चिमट्याने बारीक-बारीक भाग अचूक उचलून द्यायची. तेव्हापासून खऱ्या नावाने हाक फक्त दवाखान्यात.

बाबांच्या कामाच्या टेबलासमोर, भिंतीवर, खिळ्याला एक स्टीलची फुटपट्टी टांगलेली होती. तिला कुणी हात लावत नसे. बाबा हल्ली डिजिटल कॅलिपर वापरत, पण पट्टी हलवू देत नसत. "घरचं माप तिच्यावर उभं आहे," म्हणत. आणि सर्वमान्य माप पाळणाऱ्या साऱ्या जगाला त्यांनी एकच नाव ठेवलं होतं: बुटके.

चिमटी एकोणीस वर्षांची होती तेव्हा, भिंत रंगवायची म्हणून तिने ती पट्टी खाली काढली होती. आणि तेव्हाच तिला दिसलं. पट्टीच्या कडेला शून्याची रेघ नव्हतीच. आधी थोडा कोरा भाग होता, मग शून्य. चिमटीने कॅलिपर लावला. कोरा भाग: तीन मिलिमीटर.

ती पुन्हा एकदा मोजून बघत राहिली. मग स्वयंपाकघरात गेली.

"आई, ती बाबांची पट्टी आहे ना—"

"भाजी करपतेय," आई म्हणाली आणि वळली.

गॅसवर काहीच नव्हतं.

मग चिमटीनेही पट्टी मुकाट्याने खिळ्याला लावली. त्या दिवसापासून तीही लोकांना सांगू लागली, बोटांना जागा हवी. बाबांची मॉड्यूल्स आवाजाला एक नंबर, पण ती घेणारे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, कारण ती बाबांच्याच पेटीत बसत. आणि आता उसासा. तो जगात जायचा तर त्याला बुटका व्हावं लागणार. आणि घरातला पहिला बुटका तुकडा पोटच्या मुलीनेच केला, तर बाबांच्या तीस वर्षांना काय म्हणायचं?

तिने काहीच म्हटलं नाही. एवढंच सांगितलं, "एका पेटीचं काम आलंय. दुपारी जात जाईन."

"कुणाची पेटी? बुटक्यांची?"

"तो सहा फूट दोन इंच आहे, बाबा."

"मी अंगाबद्दल बोलत नाहीये," बाबा म्हणाले आणि चष्मा डोळ्यांवर ओढून घेतला. आईने मात्र हातातलं काम थांबवून चिमटीकडे पाहिलं. इंचासकट उंची माहीत असलेल्या मुलीकडे आया जसं पाहतात, तसं.

*

पेटीवाल्याचं वर्कशॉप एका जुन्या गोदामात होतं. वर पत्रा, त्यावर दुपारच्या सरी ताशासारख्या वाजायच्या, मग दोघांना ओरडून बोलावं लागायचं; सर थांबली की ओरडणं तसंच हवेत राहायचं आणि दोघं हसायची. एका भिंतीला फळ्या, दुसरीला पटाशा, मधे ती चौऱ्याऐंशी एचपीची पेटी. अक्रोडाच्या लाकडाची, कोपऱ्यांना गोलाई दिलेली. सत्तर एचपीपर्यंत भरलेली, आणि उजवीकडे काळी, रिकामी खाच.

"रिकामं तसंच नाही ठेवता येत," त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "आत वीज आहे. धूळ जाते, बोट जातं. काहीच नाही मिळालं तर कोरं पॅनेल लावावं लागतं." ते कोरं पॅनेल कापून कपाटावर ठेवलेलं होतं. चिमटीला ते आवडलं नव्हतं. कुणीतरी आपल्या जागेसाठी दुसरं स्थळ बघून ठेवावं तसं ते वाटत होतं.

तिने पहिलं पॅनेल मन लावून कापलं. उंची एकशे साडेअठ्ठावीस. माप चुकलं नाही. रुंदी चौदा गुणिले पाच पूर्णांक शून्य आठ, म्हणजे एकाहत्तर पूर्णांक बारा. कानशीने घासून, कडा मऊ करून ती मोठ्या तोऱ्यात पेटीपाशी आली. पॅनेल खाचेत टेकवलं, दाबलं. बसेना.

"गणित बरोबर आहे," ती चिडून म्हणाली.

"गणित अगदी बरोबर आहे. पण शेजारी आहे ना." तो तिच्या मागून वाकून बघत होता. लाकडाचा आणि साबणाचा वास आला. "कागदावरची रुंदी कुणीच पुरी घेत नाही. प्रत्येकाने केसभर कमी व्हायचं. तेव्हा कुठे रांग बसते."

"केसभर म्हणजे किती?"

"शून्य पूर्णांक तीन."

"तुमच्याकडे केसांचंही माप आहे?"

"तुमचा एक केस मघापासून माझ्या बाहीवर आहे, हवा तर मोजून सांगतो," तो म्हणाला, आणि म्हणून गेल्यावर त्याचे कान पुन्हा लाल झाले.

चिमटीने कानस उचलली. शून्य पूर्णांक तीन मिलिमीटर घासायला दोन मिनिटं लागतात. तिला त्या दिवशी वीस लागली.

दुपारी अशा जाऊ लागल्या. तिने सर्किट नव्याने मांडलं, कारण पंधरा व्होल्टवर वाढलेला उसासा बारा व्होल्टवर धाप टाकत होता. चार दिवस ती एकेक भाग बदलून त्याला कमी जेवणावर जगायला शिकवत राहिली. तो रूळ घासायचा, मधेच विचारायचा, "आला का?" ती म्हणायची, "फुंकर आली. उसासा नाही." सहाव्या दिवशी आला. त्याने रंधा खाली ठेवला.

"घरी ऐकवलंत?" जाताना त्याने विचारलं.

"नाही."

"का?"

"तुमच्या घरी सगळं सांगतात?"

"आमच्या घरी मी आणि एक मांजर. सांगतो मी. ती ऐकते असं नाही." मग जरा थांबून, "तुमच्याबद्दल सांगितलं तेव्हा मात्र तिने कान टवकारले होते."

"काय सांगितलंत?"

"ते मांजरीला विचारा," तो म्हणाला आणि नको तितक्या जोरात फळी घासू लागला.

*

सत्तावीस तारखेला उसासा पेटीत बसला. चारही स्क्रू. शेजारच्या पॅनेलला धक्का नाही, फट दिसेल न दिसेल अशी. चिमटी पुढून बघत होती, तो मागच्या बाजूला उभा होता. पेटीच्या मागून प्रत्येक मॉड्यूलला एक चपटी केबल येते, सोळा तारांची, एका कडेला लाल रेघ असलेली. त्याने ती उसाशाला लावली, जशी तो शेकडो मॉड्यूल्सना लावत आला होता: लाल रेघ खाली.

सर्वमान्य मापात लाल रेघ म्हणजे उणे बारा, आणि ती खाली. साऱ्या जगात.

चिमटीच्या घरी लाल म्हणजे गरम, लाल म्हणजे अधिक, लाल वर. उंची तिने बदलली होती, वीज बदलली होती, रुंदी केसभर कमी केली होती. पण मागच्या पिना लावताना तिच्या हातांनी तिला न विचारता तेच केलं होतं, जे ते ती पाच वर्षांची असल्यापासून बघत आले होते.

त्याने बटण दाबलं. 'फट्' असा आवाज झाला. मग वास.

"बंद कर!" चिमटी ओरडली. "बंद कर, बंद कर!"

त्याने बंद केलं. पॅनेलच्या एका भोकातून धुराची बारीक दोरी वर आली, वळली आणि विरली. उसाशाचा तो खरोखरच शेवटचा उसासा वाटला.

"माझी चूक," तो म्हणाला. चेहरा लाकडासारखा झाला होता. "विचारायला हवं होतं. न विचारता लावली."

"नाही, माझी. पिना उलट्या लावल्या मी. खूणसुद्धा नाही केली."

"जोडणाऱ्याने बघायचं असतं."

"बनवणाऱ्याने लिहायचं असतं!"

"मी म्हणतोय ना माझी—"

"आणि मी काय म्हणतेय?" ती ओरडली आणि तिला रडू फुटलं.

रडता रडताच तिला एक विचित्र गोष्ट जाणवली. माझी चूक. हे दोन शब्द किती पटकन बाहेर आले, दोघांच्याही तोंडून. आणि आकाश काही कोसळलं नाही. तिच्या घरी हे दोन शब्द कुणी उच्चारल्याचं तिला आठवत नव्हतं.

त्याने बोर्ड काढून दिव्याखाली धरला. बाकी ठीक होतं. दोन चिप्स गेल्या होत्या, जोडीच्या, जुन्या. हल्ली बनत नाहीत. त्यांच्या जागी नव्या लावल्या तर सूर येतो, पण शेवटी तो कलत नाही.

"कुठे मिळतील?" त्याने विचारलं.

तिने नाक पुसलं. "एकाच ठिकाणी. बाबांच्या डब्यात."

कपाटावरून कोरं पॅनेल दोघांकडे बघत होतं.

"मी येतो बरोबर," तो म्हणाला.

"तुम्ही बुटके आहात. बाबा दारात उभं करणार नाहीत."

"दार बुटकं नसलं म्हणजे झालं." मग अगदी हळू, "आणि मघाशी मला 'बंद कर' म्हणालीस. आता पुन्हा 'तुम्ही' नको."

चिमटीने बोर्ड पिशवीत घातला. आणि निघताना म्हणाली, "छत्री घे."

*

दार बुटकंच निघालं. तो वाकला, तरी 'टक्' असा आवाज आला. आईने "अगंबाई!" म्हणून पुढे धाव घेतली आणि कपाळ चोळणाऱ्या त्या लांबलचक पाहुण्याला वरपासून खालपर्यंत असं काही न्याहाळलं, की त्याने पाय पुन्हा एकदा पुसले.

बाबा टेबलाशी बसले होते. चिमटीने बोर्ड आणि पॅनेल त्यांच्यापुढे ठेवलं. चार सुटे स्क्रू पॅनेलवर. तिने काहीही समजावून सांगितलं नाही.

बाबांनी बोर्ड नाकाजवळ नेला. काय जळलं ते बाबा वासावरून सांगत.

"उलटी वीज," ते म्हणाले. "कुणी लावली?"

"मी," चिमटी म्हणाली.

"मी," पेटीवाला म्हणाला.

"एकानेच लावली असेल ना?"

"केबल मी जोडली, काका. विचारायला हवं होतं."

"पिना मी उलट्या लावल्या, बाबा. आपल्या घरच्या सवयीने. याची काही चूक नाही."

"तिची नाही, माझी—"

"तू गप्प बस रे—"

"काय मेलं भांडण तरी!" आई दारातून म्हणाली. "लोक चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालायला भांडतात. ही दोघं आपल्याच गळ्यात घालून घेतायत."

बाबांनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग पॅनेल उचललं, त्याच्या उभ्या कडेवरून अंगठा फिरवला. कॅलिपरची गरज नव्हती. तीस वर्षं जो हात एकाच उंचीला सरावलाय, त्याला तीन मिलिमीटर कमी लगेच कळतात.

"बुटकं आहे," ते म्हणाले.

"हो, बाबा."

तिला वाटलं, आता उठतील, आत जातील, दोन दिवस बोलणार नाहीत. बाबा उठले खरे. पण आत गेले नाहीत. भिंतीपाशी गेले आणि खिळ्यावरून ती फुटपट्टी काढली. भिंतीवर तिच्या आकाराची फिकट रेघ उरली. ते परत आले आणि पट्टी पॅनेलशेजारी ठेवू लागले. तिचा धक्का लागून पॅनेल कललं, आणि स्क्रू घरंगळत टेबलावरून खाली गेले.

"मी बघतो," पेटीवाला म्हणाला, आणि सुटका झाल्यासारखा टेबलाखाली शिरला. जेमतेम मावला. बूट बाहेरच राहिले.

परका माणूस नजरेआड झाला, म्हणून की काय कोण जाणे, बाबा बोलले. पट्टीकडे बघत, हळू आवाजात.

"ही कडेपासून सुरू होत नाही. आधी तीन मिलिमीटर कोरी आहे. मी कडेपासून मोजलं होतं."

त्यांनी अंगठ्याने तो कोरा भाग दाखवला.

"दोनशे पॅनेलं कापून झाली होती. रंगही झाला होता. मग कळलं. आणि तेवढ्यात तुझी आई तुला कडेवर घेऊन आली, म्हणाली, किती सुंदर दिसतायत हो. मी म्हटलं... मी म्हटलं, मुद्दाम मोठी केली. बोटांना जागा हवी." त्यांनी चष्मा काढला. "चुकलो होतो मी. बाकी सगळं नंतर रचलं. ती पंधरा व्होल्टची वीजसुद्धा. एकदा वेगळं व्हायचं म्हटलं की सगळंच वेगळं करावं लागतं."

"मला ठाऊक होतं," आई म्हणाली.

बाबांनी मान वर केली. "कधीपासून?"

"त्याच संध्याकाळपासून. पट्टी पुसायला घेतली होती मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश होता!"

बाबा चिमटीकडे वळले. "आणि तुला?"

"एकोणिसाव्या वर्षी."

"म्हणजे घरात सगळ्यांना माहीत, आणि सगळे गप्प."

"तुम्ही गप्प होता म्हणून, बाबा."

बाबांनी पट्टी उलटी करून पाहिली. मग त्यांना हसू आलं. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग डोळ्यांत पाणी. आईनेही पदर तोंडाला लावला. हसू ओसरल्यावर त्यांनी खणातून गोळ्यांचा जुना पत्र्याचा डबा काढला आणि चिमटीपुढे सरकवला.

"घे. दोन अगदी सारख्या बघून घे. आणि पिना सुलट लाव, लाल खाली. जगाच्या पद्धतीने." ते थांबले. "आणि एक सांगतो. तुझंही काही मनात ठेवलेलं असेल, तर ते असं तीस वर्षं सांभाळू नकोस. असतं तीनच मिलिमीटर. पण रोज उचलावं लागतं."

टेबलाखाली सामसूम होती. चिमटीने खाली पाहिलं. दोन होडीएवढे बूट, अगदी स्तब्ध. एकाच्या नाडीत लाकडाचा भुसा. तोच होता की रोज नवा अडकायचा?

"आहे एक," ती म्हणाली. आवाज तिला वाटलं होतं तेवढा कापला नाही. "मला हा आवडतो, बाबा. पेटीवाला. उसासा तीस तारखेला जाईल, जाऊ दे. पण पेटी गेल्यावरही मला रोज दुपारी तिथे जायचंय. दुपारीच असं नाही... कधीही."

टेबल खालून 'ठक्' करून दणाणलं. डब्यातल्या चिप्स खुळखुळल्या.

"स्क्रू सापडले का रे?" बाबांनी विचारलं.

"केव्हाच सापडले, काका," खालून घुसमटलेला आवाज आला. मग, "पण मलाही ती आवडते. पहिल्या दिवसापासून... मी बाहेर येऊ का?"